गंज लागतो तो सीमेवर!

घरातला एखादा जुना स्टीलचा डबा उपडा करून पाहा. तळाला किंवा काठाशी बारीक ठिपक्यांनी नाव कोरलेलं सापडेल. आजीचं, नाहीतर लग्नात आहेर करणाऱ्या कुणा मामा-आत्याचं, आणि शेजारी तारीख. तीस-चाळीस वर्षं तो डबा रोज घासला गेलाय, त्यात लोणच्यापासून ताकापर्यंत सगळं राहून गेलंय, पण नावातला एकेक ठिपका अजून वाचता येतो. याउलट बाल्कनीची लोखंडी जाळी बघा. बोरीवलीसारख्या खाडीकाठच्या गावात दोन पावसाळे रंग द्यायला विसरलात, की तिचे पोपडे हातात येतात.

स्टेनलेस स्टीलसुद्धा शेवटी लोखंडच. डब्याच्या चांगल्या स्टीलमध्ये शंभरातले सत्तर भाग लोखंड असतं. मग ते का गंजत नाही? आणि त्याहून गमतीचा प्रश्न म्हणजे, न गंजणारं म्हणून ज्याची ख्याती, ते स्टील कधीकधी आतून असं पोखरतं की वरून चकचकीत दिसणारा तुकडा वाकवताच तडकतो, तो कशामुळे? या दुसऱ्या प्रश्नामुळे अणुवीज केंद्रं बंद ठेवावी लागली आहेत. त्यातलं एक तर बोरीवलीच्याच रेल्वेमार्गावर आहे. तिथे आपण थोड्या वेळाने जाऊच. आधी स्टीलच्या पोटात शिरू.

धातूचा पत्रा आपल्याला काचेसारखा एकसंध वाटतो. तसा तो नसतो. शाळेच्या मैदानावरची कवायत आठवा. चार-पाच तुकड्या उभ्या आहेत. प्रत्येक तुकडीतल्या रांगा अगदी सरळ, दोन मुलांमधलं अंतर सारखं. पण एका तुकडीचं तोंड नॅशनल पार्ककडे, दुसरीचं गोराईच्या खाडीकडे, आणि तिसरी तिरकी, दहिसरकडे पाहत उभी. आता दोन तुकड्या जिथे एकमेकींना भिडतात तिथे काय होईल? रांगा जुळणार नाहीत. कुठे दोन मुलं अंगावर येतील, कुठे उगाच फट राहील. धातूतले अणू असेच तुकड्या-तुकड्यांनी उभे असतात. एकेक तुकडी म्हणजे एकेक स्फटिक, एकेक कण. आणि जिथे रांगा जुळत नाहीत ती जागा म्हणजे कणसीमा. डब्याच्या स्टीलमध्ये एका मिलिमीटरच्या अंतरात असे वीस-तीस कण सहज मावतात.

हे कण डोळ्यांनी पाहायचे असतील तर पत्र्याची नवी बादली किंवा जस्ताचा मुलामा दिलेला नवा पत्रा उन्हात तिरका धरून बघा. त्यावर बहुतेक वेळा खिडकीच्या काचेवर दव गोठल्यासारखी नक्षी दिसते, एक तुकडा चमकदार, शेजारचा मंद. ती नक्षी म्हणजे जस्ताचे कण! जस्ताचे एवढे मोठे होतात म्हणून नुसत्या डोळ्यांना दिसतात. स्टीलचे पाहायला सूक्ष्मदर्शक लागतो, आणि त्याआधी तुकडा आरशासारखा घासून त्यावर थोडं आम्ल फिरवावं लागतं. आम्ल सीमांवर जरा जास्त खातं, तिथे बारीक रेषा उमटतात, आणि कणांचा नकाशा समोर येतो. ही युक्ती १८६३च्या सुमारास इंग्लंडमधल्या शेफील्ड गावच्या हेन्री क्लिफ्टन सॉर्बी यांनी प्रथम वापरली.

याच शेफील्डमध्ये पन्नास वर्षांनी, १९१३ साली, हॅरी ब्रिअर्ली नावाचा माणूस बंदुकीच्या नळ्यांसाठी चिवट पोलाद शोधत होता. पोलाद ओतणाऱ्या कामगाराचा हा मुलगा. बाराव्या वर्षी शाळा सुटली आणि प्रयोगशाळेत बाटल्या धुण्याचं काम मिळालं, तिथूनच तो शिकत शिकत वर आला. त्याने सुमारे १३ टक्के क्रोमियम घातलेलं पोलाद तयार करवून घेतलं आणि सॉर्बीच्या पद्धतीने कण पाहण्यासाठी त्यावर आम्ल लावलं. कण काही दिसेनात. आम्ल त्या तुकड्याला चावेच ना! दुसरा एखादा म्हणाला असता, आम्ल बिघडलं. ब्रिअर्लीने त्यावर लिंबाचा रस लावून पाहिला, व्हिनेगर लावून पाहिलं. तरी डाग नाही. ज्याच्यावर कणसीमा दिसत नाहीत म्हणून तो चक्रावला, ते पोलाद म्हणजेच स्टेनलेस स्टील. जवळपास त्याच काळात जर्मनीत क्रुप कारखान्यातल्या संशोधकांनी क्रोमियमबरोबर निकेलही मिसळलं. आपल्या डब्याचं ‘१८-८’ म्हणजे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. कारखानदार त्याला ३०४ म्हणतात.

क्रोमियम करतं काय? दुधावर साय धरते ना, तशी स्टीलवर क्रोमियम ऑक्साइडची साय धरते. हवेतला ऑक्सिजन आणि क्रोमियम मिळून ती बनते. जाडी फक्त दोन-तीन नॅनोमीटर, म्हणजे काही थोडे अणू एकावर एक. म्हणून ती दिसत नाही आणि स्टील चकचकीतच राहतं. घासणीने ओरखडा काढा, साय फाटते आणि क्षणात पुन्हा धरते. गंजलेल्या लोखंडाच्या पोपड्यांना हे जमत नाही, ते सुटतात आणि खालचं लोखंड उघडं पाडतात. मात्र सायीसाठी दूध हवं. पृष्ठभागाजवळ क्रोमियम साधारण १२ टक्क्यांच्या खाली गेलं, की साय नीट धरत नाही. हा १२चा आकडा लक्षात ठेवा.

आता खलनायक. तो फार थोडा असतो आणि मुद्दाम कुणी घातलेला नसतो. तो म्हणजे कार्बन. ३०४ स्टीलमध्ये त्याचं प्रमाण जास्तीत जास्त ०.०८ टक्के असू शकतं. एरवी तो गप्प असतो. पण स्टील साधारण ४५० ते ८५० अंश सेल्सियसच्या मधे काही वेळ राहिलं, की कार्बनला क्रोमियमशी सोयरीक जोडायची घाई होते. दोघांचं मिळून क्रोमियम कार्बाइड बनतं. त्यात क्रोमियमचे २३ अणू असतात आणि कार्बनचे ६. शिवाय क्रोमियमचा अणू कार्बनच्या चौपटीहून जड. वजनाचा हिशेब केला तर एक ग्रॅम कार्बन सोळा ग्रॅमहून जास्त क्रोमियम गिळतो!

वही काढा. एक किलो स्टील घेतलं. त्यात क्रोमियम १८० ग्रॅम. कार्बन ०.०६ टक्के धरला तर ०.६ ग्रॅम. त्याने खाऊन खाऊन खाल्लं किती? साधारण १० ग्रॅम. उरलं १७०. म्हणजे १७ टक्के! आपल्याला तर १२ पुरतात. मग बिघडलं कुठे?

बिघडलं ते वाटणीत. कार्बाइड सगळीकडे सारखं बनत नाही, ते कणसीमेवर बनतं. तिथे रांगा विस्कटलेल्या, फटी असलेल्या, त्यामुळे नवा स्फटिक रुजायला जागा सोपी. आता बोरीवलीच्या पुलावरची संध्याकाळची गर्दी डोळ्यांसमोर आणा. कार्बनचा अणू म्हणजे दप्तर नसलेला बारका पोरगा. लोखंडाच्या मोठ्या अणूंमधल्या फटींतून तो सटासट निसटतो आणि लांबून लांबून सीमेवर येऊन पोहोचतो. क्रोमियम म्हणजे दोन हातांत दोन बोचकी घेतलेला प्रवासी. पुढचा हलल्याशिवाय त्याला पाऊल टाकता येत नाही. या तापमानाला कार्बनचा वेग क्रोमियमच्या हजारोपट असतो. त्यामुळे कार्बन साऱ्या कणातून गोळा होतो, पण त्याला लागणारं क्रोमियम मात्र सीमेच्या अगदी शेजारूनच उचललं जातं, आणि ती उणीव भरायला आतलं क्रोमियम वेळेवर येत नाही. सीमेच्या दोन्ही बाजूंना एक दरिद्री पट्टी तयार होते. केसाच्या जाडीचे हजार भाग केले तर त्यातल्या दोन-चार भागांएवढीच ती रुंद. पण तिच्यातलं क्रोमियम १२च्या खाली गेलेलं असतं. सरासरी १७, आणि नेमकं जिथे हवं तिथे नाही. सरासरीच्या भरवशावर नदी ओलांडू नये म्हणतात ते याचसाठी!

पट्टी इतकी अरुंद असल्यामुळे तिचे हाल आणखी वाढतात. आजूबाजूला सायीने झाकलेल्या कणांचं मोठं मैदान आणि मधे उघडी पडलेली ही चिंचोळी वाट. ओलाव्यात त्या दोघांची मिळून जणू विजेची बॅटरीच तयार होते, आणि झीज सगळी वाट सोसते. कण शाबूत राहतात, त्यांच्यामधलं बंधन जातं. पावसाळ्यात राजगिऱ्याच्या लाडवाचा गूळ पाझरला की दाणे जसेच्या तसे राहतात पण लाडू हातात भुगा होतो, तसंच. (स्टीलच्या कणांमधे गुळासारखं वेगळं काही नसतं हं, तिथेही तेच अणू असतात, फक्त विस्कटलेले.) असं फार पोखरलेलं स्टील फरशीवर टाकलं तर त्याचा खणखणाट होत नाही, ‘थप्प’ असा बद्द आवाज येतो.

पण स्टील ५०० अंशांच्या वर तापतं कुठे? गॅसवर ठेवलेल्या पातेल्यात पाणी किंवा दूध असतं, तोवर त्याचा तळ इतका तापत नाही, त्यामुळे आई-बाबांनी काळजी करू नये. ते तापतं वेल्डिंगमध्ये. आणि गंमत म्हणजे दुखणं जोडात नसतं, तर जोडापासून काही मिलिमीटरवर असतं. प्रत्यक्ष जोड वितळून चटकन घट्ट होतो. लांबचा भाग फारसा तापतच नाही. मधला पट्टा मात्र नेमका त्या नको असलेल्या तापमानात रेंगाळतो. डब्याच्या पातळ पत्र्यावर कानाची मूठ टाचताना तो क्षणात निवतो, कार्बाइडला सवड मिळत नाही. जाड नळी असली, पुन्हा पुन्हा थर देऊन जोडलेली असली, की सवडच सवड.

अशा जाड नळ्या पाहायला बोरीवलीहून डहाणूची लोकल पकडायची. भाईंदर लागतं, तिथे स्टीलची भांडी बनवणारे कितीतरी छोटे कारखाने आहेत. पुढे वसई, विरार, पालघर, आणि मग बोईसर. बोईसरहून समुद्राच्या दिशेला तारापूर अणुवीज केंद्र. भारतातलं हे पहिलं. त्याच्या पहिल्या दोन संचांनी १९६९ साली वीज द्यायला सुरुवात केली. अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या आराखड्याच्या या भट्ट्या. त्यात पाणी थेट भट्टीतच उकळतं आणि त्या वाफेवर जनित्राचं चक्र फिरतं. पाणी भट्टीतून बाहेर काढून पंपाने पुन्हा आत ढकलायला मोठाल्या नळ्या असतात. नळ्या ३०४ स्टीलच्या, आतलं पाणी सुमारे २८५ अंशांचं. प्रेशर कुकरमध्ये दाबामुळे पाणी १००च्या पुढे जातं हे तुम्हाला ठाऊक आहे. इथे दाब हवेच्या दाबाच्या सत्तरपट!

त्या काळी जगभर अशा भट्ट्यांना हेच स्टील वापरत. मग हळूहळू तक्रारी येऊ लागल्या. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ड्रेस्डेन केंद्रात १९७४ साली नळ्यांच्या जोडांशेजारी बारीक चिरा सापडल्या. जानेवारी १९७५ मध्ये तिथल्या अणुनियामक आयोगाने याच जातीच्या २३ भट्ट्या तपासणीसाठी थांबवायला लावल्या. चिरा पाहिल्या तर त्या कण फोडून गेलेल्या नव्हत्या. कणांना वळसा घालून, सीमा-सीमांनी वाकडीतिकडी वाट काढत गेल्या होत्या.

या चिरेला तीन गोष्टी एकदम लागतात. पहिली, वेल्डिंगने दरिद्री झालेल्या सीमा. दुसरी, ताण: जोड निवताना आकसतो आणि शेजारच्या स्टीलला कायमचा ओढून धरतो. तिसरी, ऑक्सिजन: अणुभट्टीतल्या किरणोत्सारामुळे पाण्याचेच रेणू फुटतात आणि ऑक्सिजन तयार होतो. तिघांपैकी एकालाही रोखलं तर चीर थांबते. म्हणून कुठे पाण्यात थोडा हायड्रोजन सोडून ऑक्सिजन कमी केला, कुठे जोडावर बाहेरून नवा थर चढवून आतला ताण उलटा केला.

तारापूरच्या जोडांवरही ध्वनिलहरींनी नजर ठेवावी लागते. डॉक्टर सोनोग्राफी करतात तोच प्रकार. नळीच्या बाहेरून आवाजाच्या सूक्ष्म लहरी सोडायच्या, आत चीर असली तर त्या आपटून परत येतात. हे स्टील चिवट असतं, काचेसारखं एकदम फुटत नाही. चीर सावकाश वाढते आणि आरपार गेली तरी आधी थेंब-थेंब गळती होते, ती उपकरणांना कळते. पण कळलं म्हणजे काम संपलं नाही. २०२० साली पहिले दोन्ही संच थांबवून या नळ्या बदलण्याचं लांबलचक काम हाती घ्यावं लागलं. पन्नास वर्षं चाललेल्या भट्टीच्या नळ्या कापायच्या, त्याही किरणोत्सार असलेल्या जागी, माणसांना ठरावीक वेळच आत सोडून! सीमेवरची केसाहून बारीक पट्टी केवढ्याला पडते बघा.

मग उपाय काय? सगळ्यात जुना उपाय म्हणजे पुन्हा १०५० अंशांपर्यंत तापवायचं आणि झटकन पाण्यात बुडवायचं. एवढ्या उष्णतेत कार्बाइड विरघळतं, आणि स्टील चटकन निवल्यामुळे कार्बनला पुन्हा जमायला वेळ मिळत नाही. पण बांधून झालेली नळी भट्टीत घालणार कशी? म्हणून दुसरा उपाय, कार्बनच कमी ठेवायचा. ‘३०४ एल’ जातीच्या स्टीलमध्ये तो जास्तीत जास्त ०.०३ टक्के असतो. तिसरा उपाय मला फार आवडतो. स्टीलमध्ये थोडं टायटॅनियम किंवा निओबियम घालायचं. कार्बनला क्रोमियमपेक्षा हे जास्त प्रिय. तो त्यांच्याशी जोडी जमवतो आणि क्रोमियमच्या वाटेला जात नाही!

स्टील पोखरणारं आहे की नाही हे आधीच ओळखायच्या परीक्षाही आहेत. एकीत नमुना मोरचूद आणि गंधकाम्लाच्या द्रावणात तांब्याच्या तुकड्यांबरोबर तासन् तास उकळतात आणि मग वाकवतात. बाहेरच्या बाजूला तडे गेले तर नापास. दुसरी झटपट आहे. ऑक्झॅलिक आम्लात, म्हणजे पालकात थोडंसं असतं त्याच आम्लात, नमुना ठेवून दीड मिनिट वीज सोडायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं. चांगल्या स्टीलमध्ये कण पायऱ्यांसारखे दिसतात. बिघडलेल्यात प्रत्येक कणाभोवती खंदक खणलेला असतो. (दोन्ही परीक्षा प्रयोगशाळेतच. घरच्या डब्यावर नको!) आणि हो, बाल्कनीतल्या स्टीलच्या कठड्यावर पावसाळ्यानंतर चहाच्या रंगाचे ठिपके दिसतात, ते या दुखण्याचे नव्हेत. तो समुद्राच्या खारट हवेचा उद्योग. मिठातल्या क्लोराइडमुळे साय जागोजाग फाटते. गोड्या पाण्याने धुऊन पुसलं की ते आटोक्यात राहतात.

अलीकडे संशोधकांनी वेगळ्याच दिशेने विचार केला. कार्बन हटवण्याऐवजी सीमाच बदलल्या तर? सगळ्या सीमा सारख्या वाईट नसतात. काही ठिकाणी शेजारचे दोन कण एकमेकांचे आरशातले प्रतिबिंब असतात. तिथे रांगा वळतात, पण अणूला अणू जुळतो, फट राहत नाही. अशा जुळ्या सीमेवर कार्बाइड सहसा धरत नाही. जपानचे तादाओ वातानाबे यांनी १९८४ साली सुचवलं की धातूत अशा चांगल्या सीमा मुद्दाम वाढवाव्यात. तिथल्याच संशोधकांनी पुढे ३०४ स्टीलचा पत्रा थंड असतानाच लाटून फक्त ५ टक्के पातळ केला, मग सुमारे ९२५ अंशांवर तीन दिवस ठेवला. चांगल्या सीमा इतक्या झाल्या की वाईट सीमांची साखळीच तुटली. गंज एका सीमेवरून निघतो आणि पुढच्या वळणावर अडतो, गल्ली बंद!

२००२ साली पवईची आयआयटी, ट्रॉम्बेचं भाभा अणुसंशोधन केंद्र आणि बेल्जियममधले संशोधक यांनी मिळून ३०४ आणि ३१६ एल या स्टीलचे पत्रे घेतले. ते लाटून २० टक्क्यांपासून ८० टक्क्यांपर्यंत पातळ केले, तापवले, सीमा मोजल्या आणि मग गंजाची परीक्षा घेतली. चांगल्या सीमा जास्त असलेलं स्टील टिकेल, ही अपेक्षा होतीच. पण ज्या पत्र्यांत जवळजवळ सगळ्याच सीमा विस्कटलेल्या, ज्यांना आपण इतका वेळ वाईट म्हणत आलो तशा होत्या, तेही परीक्षेत उत्तम टिकले! दगा दिला तो मधल्यांनी, ज्यांच्यात थोड्या अशा आणि थोड्या तशा होत्या.